ओमाचे पातळ फानकुखन: कृती हरवली असेल तर

तुमची अडचण थोडक्यात अशी: जर्मन सुनेची आजी (ओमा) पातळ पॅनकेक करायची, कृती कुणी लिहून ठेवली नाही, इंग्रजीत 'जर्मन पॅनकेक' शोधून केलं तर ते ओव्हनमध्ये टम्म फुगलं, आणि सून म्हणते, 'हे ते नव्हेच.' बरोबर म्हणते. त्या नावाने मिळतो तो अमेरिकेतला 'डच बेबी'. ओमाचा तव्यावरचा, गुंडाळी करून खायचा.

कृती नंतर, आधी सुनेला ओमाचं गाव विचारा. जर्मनीच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला फानकुखन म्हणजे हाच पातळ प्रकार. बर्लिनमध्ये मात्र फानकुखन मागितलं तर जॅम भरलेला, तळलेला गोळा हातात येतो; पातळ पॅनकेकला तिथे आयरकुखन म्हणतात. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्सकडे त्याला प्लिन्झन म्हणत असतील तर पिठात यीस्ट किंवा बकव्हीट (कुट्टू) असू शकतं, मग सगळंच गणित बदलतं. दुसरा प्रश्न, उरलेल्यांचं ओमा काय करायची? पट्ट्या कापून सुपात घालत असेल तर ते नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबियातले फ्लेडले, आणि त्या पिठात साखर नसते.

गाव कळलं की पाया म्हणून हे करा: मैदा २०० ग्रॅम, दूध ४०० मिली, अंडी ३, चिमूटभर मीठ. निम्म्या दुधात मैदा गुठळ्या मोडेपर्यंत फेटा, मग अंडी, मग उरलेलं दूध. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या पोहत राहतात आणि मिक्सर लावायचा मोह होतो. लावू नका, मैदा चिवट होतो आणि पॅनकेक रबरासारखा. अर्धा तास झाकून ठेवा. मैदा फुगून पीठ घट्ट होतं, तेव्हा दोन-तीन चमचे दूध घालून आंबोळीपेक्षा पातळ, घावनापेक्षा किंचित दाट करा.

तवा २४ सेंमीचा, आच मध्यम. लोण्यातला दुधाचा अंश करपतो म्हणून तिथेही बुटरश्माल्झ वापरतात, म्हणजे आपलं तूपच. साधारण ७५ मिली पीठ ओतून लगेच तवा फिरवा. डोशासारखं पळीने पसरायला गेलात तर फाटेल. घावनाला जाळी हवी, इथे नको. जाळी पडली तर तवा जास्त तापलाय. वरची ओल गेली, कडा तपकिरी होऊन सुटल्या की उलटा. पहिला बिघडतोच, तव्याचा अंदाज यायचा असतो.

आता खरं शोधकाम. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सुनेला चाखायला द्या. 'आमचा जास्त पिवळा, मऊ होता' म्हणाली तर अंडी ४. 'कडा कुरकुरीत असायच्या' तर तूप वाढवा, पीठ तेच ठेवा. 'हलका होता' तर १०० मिली दुधाऐवजी फसफसणारं मिनरल वॉटर, तेही तव्यावर घालायच्या अगदी आधी. आधीच घातलं तर गॅस उडून नुसतं पाणी उरतं. साखर पिठात घातली तर डाग पडून करपतो, ती वरून सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर.

घरात जुनी वही सापडलीच तर घाबरू नका. ती झ्यूटरलिन या जुन्या जर्मन हस्तलिपीत असू शकते. ही लिपी प्रशियात (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) १९१५ पासून शाळेत शिकवत, १९४१ मध्ये ती बंद झाली. तिच्यात 'ई' अक्षर 'एन'सारखं दिसतं, वाचताना पहिली चूक तिथेच होते. मापांत 'प्फुंड' म्हणजे ५०० ग्रॅम, 'एक अष्टमांश लिटर' म्हणजे १२५ मिली, 'ईएल' मोठा चमचा, 'टीएल' छोटा. 'एम-एस-पी' दिसलं तर चाकूच्या टोकावर मावेल एवढं. आणि 'दूध, लागेल तसं' असं लिहिलेलं असलं तर वर सांगितलेला, घावनापेक्षा किंचित दाट असा अंदाज धरा.