मिशिगनच्या थंडीत ट्रेलर बाहेर उभा राहणार आहे, टाक्यांमधलं पाणी नुसतं सोडून दिलं तर पुरेल का?

नाही, पुरणार नाही. तुम्ही लिहिलंय की २४ फुटी सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) आहे, मिशिगनमधल्या नोव्हायला ड्राइव्हवेवर उघड्यावरच राहणार आणि आत हीटिंग चालू ठेवणार नाही. मग नुसतं पाणी सोडून भागत नाही. नळ उघडतो, खालचे ड्रेन उघडतो, धार बंद झाली की आपल्याला वाटतं झालं काम, पण पंपाच्या आत, टॉयलेटच्या व्हॉल्व्हमध्ये, शॉवरच्या लोंबणाऱ्या नळीत थोडं थोडं पाणी अडकून राहतंच, आणि पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. लोक पाइपची काळजी करत बसतात, पण हल्लीचे पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे) पाइप बरंच ताणून घेतात, तडकतात ते प्लास्टिकचे जोड, पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह. आमच्या ओळखीत एकांचा टॉयलेटचा व्हॉल्व्ह असाच गेला, चीर दिसतसुद्धा नव्हती, वसंतात पाणी चालू केल्यावर मागून केसाएवढी धार, आणि कळेपर्यंत खालचं प्लायवूड फुगलेलं. व्हॉल्व्ह स्वस्त असतो हो, ट्रेलरची जमीन नाही.

सुरुवात टाक्यांपासून करा, आणि तीही डंप स्टेशनवर (ट्रेलरचं सांडपाणी सोडायच्या जागी), घरी नाही. बऱ्याच कॅम्पग्राउंडचं पाणी ऑक्टोबरमध्येच बंद होतं त्यामुळे शेवटच्या ट्रिपहून येतानाच उरकून टाका. आधी ब्लॅक टँक (टॉयलेटचा), मग ग्रे (सांडपाण्याचा), म्हणजे भांड्या-आंघोळीच्या पाण्याने ती घाण नळी आपोआप धुतली जाते. ब्लॅक टँक एकदा रिकामा करून समाधान मानू नका, परत पाणी भरा, परत सोडा, निवळ पाणी येईपर्यंत. तळाशी गाळ आणि कागद राहिला तर तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी साचतो आणि तिथेच गोठतो. आणि हिवाळ्यात कधी शंका आलीच तर गोठलेल्या व्हॉल्व्हचं हँडल जोर लावून ओढू नका, तुटतं. फ्रेश (स्वच्छ पाण्याच्या) टँकचा ड्रेन उघडून तोही पूर्ण रिकामा करा. वॉटर फिल्टर असेल तर कार्ट्रिज काढून फेका, ते एवीतेवी दरवर्षी बदलायचंच असतं.

आता वॉटर हीटर, इथे घाई करू नका. गॅस आणि इलेक्ट्रिक दोन्ही बंद, पंप बंद, बाहेरचं पाणी बंद, आणि टाकी पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे आदल्या रात्रीच बंद करून ठेवलेलं बरं. मग गरम पाण्याचा एक नळ उघडून प्रेशर घालवा आणि त्यानंतरच बाहेरून टाकीचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, काढा. प्रेशर असताना काढलात तर कढत पाणी थेट अंगावर येतं. सबर्बन कंपनीचा हीटर असेल तर प्लगच्या जागी अॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) असतो, त्याला १ १/१६ इंचाचा सॉकेट लागतो, अॅटवुड कंपनीच्या हीटरला साधा प्लास्टिकचा प्लग असतो. रॉड बाहेर काढलात की नीट बघा, नवा असताना तो चांगला अंगठ्याएवढा जाड असतो, खाऊन खाऊन मधली तार दिसायला लागली असेल तर नवीन घ्या. पाण्याबरोबर पांढरे कण भसाभस बाहेर येतील, घाबरू नका, तो क्षार आहे. तळाशी थोडं पाणी राहतं, राहू दे, त्याला फुगायला वर भरपूर जागा आहे.

हीटर रिकामा झाला की मागचा बायपास व्हॉल्व्ह फिरवा, म्हणजे पुढे पाइपात भरायचं न गोठणारं अँटीफ्रीझ हीटरला वळसा घालून जातं. ही पायरी बरेच जण विसरतात आणि मग ६ गॅलन अँटीफ्रीझ आधी हीटरच्या पोटात जातं, नळाला काहीच येत नाही. बायपास केलेला असेल तर तुमच्या साइझच्या ट्रेलरला सहसा २-३ गॅलन पुरतं.

तुमचा दुसरा प्रश्न, गॅरेजमध्ये गाडीचं कूलंट उरलंय ते चालेल का. अजिबात नाही! त्यात बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे, आणि याच नळाखाली तुम्ही उन्हाळ्यात मुलांची बाटली भरणार. आरव्हीचं (अशा फिरत्या घरांसाठीचं) गुलाबी अँटीफ्रीझ येतं ते घ्या, मात्र लेबल वाचून, प्रोपिलीन ग्लायकॉलवालं. अल्कोहोलवालं स्वस्त मिळतं पण ते पेट घेऊ शकतं आणि रबराचे सील कोरडे पाडतं. लेबलवर उणे ५० फॅरेनहाइट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पाइप फुटणार नाही एवढाच, ते बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत त्याच्या खूप आधीच होतं. आणि पाइपात पाणी राहिलं असेल तर ते पातळ होऊन हा आकडाही राहत नाही. म्हणून आधी लो पॉइंट ड्रेन उघडून लाइन रिकामी करायची (गरम आणि गार अशा दोन तोट्या असतात, बहुतेक ट्रेलरला खालच्या बाजूला) आणि मग त्या बंद करून पुढचं काम.

पुढचं सोपं आहे. पंपाच्या अलीकडे विंटरायझिंगचा (हिवाळ्याच्या तयारीचा) छोटा व्हॉल्व्ह असेल तर तिथली नळी गुलाबी कॅनमध्ये बुडवा, नसेल तर किट मिळतं. पंप चालू करा आणि पंपाजवळच्या नळापासून सुरुवात करत एकेक नळ, आधी गरम मग गार, गुलाबी येईपर्यंत उघडा. आधी हवा फुरफुरते, मग फिकट, मग एकदम दाट गुलाबी, त्या दाट रंगापर्यंत थांबायचं. शॉवरचा हँडल हातात घेऊन खाली धरा म्हणजे नळीतलं पण जातं. टॉयलेटचं पेडल दाबून ठेवा. बाहेरचा शॉवर विसरू नका, मला वाटतं सगळ्यात जास्त विसरला जातो तोच! ब्लॅक टँक धुवायचं वेगळं कनेक्शन असेल तर पंपाचं पाणी तिथे पोचतच नाही, ते हवेने फुंकून काढावं लागतं. शेवटी पंप बंद करून नळ उघडून प्रेशर सोडा, बाहेरच्या सिटी वॉटर इनलेटची (बाहेरच्या नळाची होज जोडायच्या तोंडाची) जाळी काढा आणि आतला चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) स्क्रूड्रायव्हरने हलकेच दाबा, थोडं गुलाबी बाहेर आलं की तोही झाला.

बेसिन आणि शॉवरच्या खालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपमध्ये, एकेक कप गुलाबी ओता, दोन्ही वेस्ट टँकमध्येही थोडं जाऊ द्या, खालच्या व्हॉल्व्हचे सील त्याने ओले राहतात. आइसमेकर किंवा वॉशिंग मशीन असेल तर त्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत दिलेली असते, ती बघा.

कंप्रेसरने नुसती हवा मारून होतं का? होतं, बरेच लोक तेच करतात, पण हवेचा दाब ४० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, आणि ट्रॅपमध्ये अँटीफ्रीझ तरीही ओतावंच लागतं. पंपातलं थोडं पाणी हवेने निघेलच याची खात्री नसते, त्यामुळे पहिल्या वर्षी तरी मी म्हणेन गुलाबीच वापरा, कुठपर्यंत पोचलंय ते डोळ्यांना दिसतं.

आणि हीटरच्या इलेक्ट्रिक स्विचवर आत्ताच चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात 'टाकी रिकामी' लिहून ठेवा. मे महिन्यात कोणीतरी उत्साहाने स्विच दाबतं, टाकी कोरडी असते आणि आतलं पाणी तापवणारं एलिमेंट बघता बघता जळून जातं.