‘कोट ऑफ आर्म्स’ला राजमुद्रा म्हणावे का?

प्रश्न असा आहे : एका इंग्रजी कादंबरीच्या मराठी भाषांतरात सरदाराच्या वाड्याच्या दारावर ‘त्याच्या घराण्याची राजमुद्रा कोरलेली होती’ असे वाक्य आहे, मुळात तेथे ‘कोट ऑफ आर्म्स’ (युरोपीय घराण्यांचे ढालीवर काढलेले चिन्ह) आहे, तर हा शब्द योग्य आहे का, आणि त्या चिन्हातील रंगांना व प्राण्यांना ठरावीक अर्थ असतात का?

‘राजमुद्रा’ येथे चालणार नाही. सरदार राजा नसतो हे एक कारण झालेच. पण मुद्रा ही मुळात वेगळ्याच जातीची वस्तू आहे, हे अधिक महत्त्वाचे. मुद्रा म्हणजे शिक्का. तो कागदावर उमटतो आणि कागद खरा असल्याची ग्वाही देतो. शिवाजी महाराजांच्या ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या अष्टकोनी मुद्रेत चित्र नाही, मजकूर हाच तिचा जीव आहे. भारताने २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या सारनाथच्या सिंहशीर्षाला आपण बोलताना राजमुद्रा म्हणतो, आणि भाषांतरकाराची गफलत बहुधा तेथूनच झाली असावी. परंतु त्या चिन्हातही ढाल नाही, आणि ‘कोट ऑफ आर्म्स’चा गाभा तर ढाल हाच आहे.

ही पद्धत बाराव्या शतकात पश्चिम युरोपात रुजली. चिलखतावर चढवलेल्या अंगरख्यावरही ढालीवरचेच चिन्ह काढीत, म्हणून नावात ‘कोट’ आला. रणात आणि शस्त्रस्पर्धांत शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा दुरून ओळखता येणे ही गरज होती खरी, पण चिन्ह वारशाने पुढे चालू लागले तेव्हाच त्याला आजचा अर्थ आला. फ्रान्समधील आंजू प्रांताचा काउंट जेफ्री याच्या ल माँ येथील मीनाकाम केलेल्या पट्टावर निळ्या ढालीवर सोनेरी सिंह दिसतात, आणि १२२६ मध्ये मरण पावलेला त्याचा नातू विल्यम लाँगस्पे याच्या इंग्लंडातील सॉल्झबरी येथील समाधीवरच्या ढालीवरही तेच सिंह आहेत. चिन्ह वंशपरंपरेने चालल्याचा हा फार जुना पुरावा मानला जातो.

भाषेच्या अभ्यासकाला खरा रस वाटावा अशी गोष्ट पुढेच आहे. हे चिन्ह म्हणजे एखादे ठरलेले चित्र नव्हे, ते एक शब्दबद्ध वर्णन असते. त्या वर्णनाला धरून कोणत्याही चित्रकाराने आपल्या हाताने ढाल रंगवावी, सिंह थोडा जाड झाला तरी चिन्ह तेच राहते. आधुनिक बोधचिन्हात मात्र रेघ हलली तरी चालत नाही. शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये मिळालेल्या चिन्हाचे वर्णन मराठीत असे करता येईल : सोनेरी जमीन, तिच्यावर काळा तिरपा पट्टा, पट्ट्यावर रुपेरी टोकाचा सोनेरी भाला. ‘जमीन’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. लुगड्याची जमीन हिरवी आणि काठ लाल असे आपण म्हणतो, तसाच हा प्रकार. या वर्णनात एक नियमही दडलेला आहे. सोनेरी व रुपेरी या दोन्हींना धातू मानतात आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा यांना रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही, म्हणजे चिन्ह दुरून उठून दिसते. जेरुसलेमच्या राज्याने रुपेरी जमिनीवर सोनेरी क्रूस घेतले, तो प्रसिद्ध अपवाद. भाषांतरकाराने आणखी एक सांभाळावे : वर्णनातील उजवी बाजू ही ढाल धरणाऱ्याची उजवी, म्हणजे पाहणाऱ्याची डावी असते.

चिन्हाच्या इतर भागांसाठी मराठीत चांगले शब्द आधीच आहेत. शिरस्त्राणावर बसवलेल्या आकृतीला ‘तुरा’ म्हणावे; पक्ष्याच्या डोक्यावरचा आणि पागोट्यावरचा, दोन्ही अर्थ त्यात आहेत. इंग्रजीत या तुऱ्याचे ‘क्रेस्ट’ हे नाव अनेकदा संपूर्ण चिन्हालाच देतात, ती चूक मराठीत उचलण्याचे कारण नाही. खालच्या पट्टीवरील वाक्याला ‘ब्रीदवाक्य’ हा शब्द तर नेमकाच बसतो, कारण ब्रीद म्हणजे बिरुद, आणि जुन्या मराठीत पायातल्या ‘ब्रीदाच्या तोडरा’चा जो उल्लेख येतो, तेही अंगावर मिरवायचे मानचिन्हच होते.

आता अर्थांविषयी. तांबडा म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा अशा याद्या सर्वत्र फिरतात, पण त्या नंतरच्या लेखकांनी रचलेल्या आहेत आणि त्यांच्यावर विसंबू नये. ढालीवर प्रत्यक्षात जे वाचता येते ते बरेचदा नावावरची कोटी असते : स्पेनमधील कास्तील राज्याच्या ढालीवर किल्ला (स्पॅनिशमध्ये ‘कास्तियो’), तेथल्याच लेओन राज्याच्या ढालीवर सिंह (स्पॅनिशमध्ये ‘लेओन’), शेक्सपिअरच्या ढालीवर भाला (इंग्रजीत ‘स्पिअर’). दुसरी वाचण्याजोगी गोष्ट म्हणजे हक्क. १२३० मध्ये कास्तील व लेओन एका राजाखाली आले, तेव्हा ढालीचे चार भाग करून किल्ला आणि सिंह आलटूनपालटून मांडले गेले. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून तेथील लिलीची फुले आपल्या ढालीत घेतली आणि ती १८०१ पर्यंत तेथून हलली नाहीत. गादी कधीच गेली होती, फुले मात्र टिकली.

आपल्याकडे हा प्रकार बाहेरून आला. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत अशी चिन्हे कोरलेले थडग्यांचे दगड आहेत, ती पोर्तुगीज परंपरा. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली, त्यांवरची युरोपीय धाटणीची चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्याने आखली होती. मराठा घराण्यांचे देवक हे याचे देशी रूप आहे असे कोणी सांगतात, ते मला पटत नाही. देवक लग्नसंबंध ठरवताना पाहतात, त्याची पूजा होते, आणि एकच देवक अनेक कुळांचे असू शकते.

म्हणून कादंबरीतील वाक्यात ‘कुलचिन्ह’ हा शब्द घालावा. मात्र इंग्लंडात असे चिन्ह एका व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते, त्या आडनावाच्या सगळ्यांना नव्हे. तेथे १४८४ मध्ये स्थापन झालेली ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था त्याची नोंद ठेवते, हे भाषांतरकाराच्या ध्यानात असावे. शहर, विद्यापीठ किंवा बिशप यांच्या चिन्हाला ‘कुल’ लावणे विचित्र दिसते. तेथे मी ‘ढालचिन्ह’ लिहीन.