वडिलांच्या पायाला मधुमेहाची जखम आहे, व्हॅक मशीन (जखमेवर फोम बसवून, वरून प्लास्टिक चिकटवून नळीने पाणी ओढून घेणारं) लावलंय. फोमखाली चांदीची, म्हणजे चांदी असलेली जंतुनाशक ड्रेसिंगची पट्टी चालते का?

चालते, पण पट्टी जाळीदार हवी. मशीन साधारण 125 मिमी पाऱ्याइतकं ओढतं; मध्ये घट्ट पट्टी किंवा मलमाचा थर आला की जखमेचं पाणी मशीनच्या डब्यात न येता फोमखालीच साचतं. चांदी जंतू मारते, मेलेलं मांस काढत नाही; ते डॉक्टरांनी आधी साफ करायला हवं. जंतुसंसर्ग नसेल तर चांदीचा खर्च कशाला? लावलीच तर दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. फोम 48 ते 72 तासांनी बदलतात.

आमच्या जळगावच्या मे महिन्यात घामाने वरचं प्लास्टिक कडेने सुटतं, हवा आत शिरून सूं आवाज येतो. तिकडे लक्ष ठेवा. लाइट जाऊन मशीन दोन तास बंद राहिलं, तर फोम काढून साधं ड्रेसिंग करून घ्या. नळीत लालभडक रक्त दिसलं, तर मशीन बंद करून थेट दवाखाना गाठा.