बायोएथिक्सच्या पदवीसाठी दोन वर्षांच्या पगाराइतकं कर्ज काढावं का?

प्रश्न: मी फार्मसीची पदवीधर असून क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर आहे. बायोएथिक्सच्या (वैद्यक आणि संशोधनातल्या नैतिक प्रश्नांच्या अभ्यासाच्या) दोन वर्षांच्या पूर्णवेळ मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे, पण स्कॉलरशिप नाही. शिल्लक आठ महिन्यांच्या पगाराइतकी आहे. ती सगळी घालूनही दोन वर्षांच्या पगाराइतकं शैक्षणिक कर्ज लागेल. यंदाच जाऊ का?

उत्तर: यंदा नको. प्रवेश सोडू नका, वर्षभर पुढे ढकलून मागा.

व्याज १० टक्के आणि परतफेड १० वर्षांची धरू. निम्मं कर्ज सुरुवातीला, निम्मं वर्षाने उचललं आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू झाले, तर तोवर सरळव्याजानेच १ लाखाचे १ लाख २० हजार झालेले असतात. त्यावर हप्ता साधारण १,५८६. म्हणजे मूळ १ लाखामागे एकूण फेड १ लाख ९० हजारांच्या घरात. तुमचं कर्ज २४ पगारांचं, म्हणून हप्ता आजच्या पगाराच्या ३८ टक्के. मी २० टक्क्यांवर जाऊ देत नाही. त्या हिशेबाने तुमची मर्यादा साधारण १२ पगारांची.

‘मास्टर्सनंतर पगार वाढेल ना?’ वाढेलही, पण ते गृहीत धरून कर्ज काढू नका. या क्षेत्रात निव्वळ ‘बायोएथिसिस्ट’ अशा जागा थोड्या. एथिक्स कमिटीचं (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं) सदस्यत्व बहुतेक ठिकाणी मानधनावर किंवा विनामोबदला असतं. पगारी कामं मिळतात ती कमिटीच्या सचिवालयात, रिसर्च कंप्लायन्समध्ये (संशोधन नियमांनुसार चाललंय ना, हे पाहण्याच्या कामात), अध्यापनात, आणि तिथे तुमचा फार्मसी-ट्रायलचा अनुभवच आधी पाहिला जातो. म्हणून हप्ता मूळ पेशाच्या पगारातून झेपला पाहिजे.

वर्षभरात काय कराल? विभागाला विचारा: मागच्या तीन बॅचचे विद्यार्थी आज कुठे आहेत, आणि प्रवेशाआधी काय करत होते? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आधीच डॉक्टर किंवा वकील असलेल्यांची यशोगाथा तुम्हाला लागू होईलच असं नाही. स्कॉलरशिपचे अर्ज बऱ्याचदा सत्राच्या आठ-दहा महिने आधी बंद होतात, तेव्हा कागद आत्ताच जमवा. स्कॉलरशिप एखाद्या संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून मिळणार असेल तर दुसऱ्या वर्षाचे पैसे लेखी कबूल आहेत का, ते बघा. अनुदान मध्येच संपलं तर उरलेली फी तुमच्या अंगावर येते.

हॉस्पिटलमधल्या एथिक्स सल्ल्याकडे ओढा असेल तर अमेरिकेतलं एचईसी-सी (हेल्थकेअर एथिक्स सल्लागारांसाठीचं) प्रमाणपत्र पाहून ठेवा. परीक्षेला बसायला बॅचलर पदवी आणि मागच्या चार वर्षांतला ४०० तासांचा हेल्थकेअर एथिक्सचा अनुभव लागतो. मास्टर्सची सक्ती नाही. नोकरी सांभाळून हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीचं काम करत, तासांची नोंद ठेवत गेलात तर हा फार स्वस्त रस्ता आहे.

स्कॉलरशिपने निम्मा भार उचलला तर बिनधास्त जा. तेव्हाही शिल्लक पूर्ण रिकामी करू नका. किमान चार पगार बाजूला हवेत, कारण प्रबंध हमखास लांबतो. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या म्हणजे कमिटीची मंजुरी आलीच. संमतीपत्राची भाषा अवघड आहे, भाषांतर उलट तपासून आणा, अशा शेऱ्यांसह अर्ज परत येतो, पुढची बैठक महिनाभराने असते, आणि एक सत्र वाढतं. फी, भाडं सगळं पुन्हा. (एथिक्सच्या विद्यार्थ्यांनाच एथिक्स कमिटीने अडवावं, याला काय म्हणावं!) म्हणून पहिल्या सत्रातच अर्ज टाका. मुदत वाढल्याचं विद्यापीठाचं पत्र बँकेला वेळेत दिलं नाही, तर हप्ते जुन्याच तारखेपासून सुरू होऊ शकतात.

आत्ता एवढं करा: प्रवेश पुढे ढकलण्याचा अर्ज अनामत भरण्याच्या तारखेआधी पाठवा, आणि अनामत पुढच्या वर्षी धरली जाईल का, हे लेखी घ्या. नाही म्हणाले तर ती न भरता पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा.