कृषी सल्ला : तोडलेला माल बाटलीने टिकत नाही

गेल्या पंधरवड्यात शिरोळ, हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतून आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. माल पिकला, तोडला, पण विकेपर्यंत टिकला नाही. म्हणून उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न : टोमॅटोचे साठ कॅरेट पाठवले की पट्टीत, म्हणजे आडत्याच्या हिशोबाच्या कागदात, सात-आठ कॅरेट 'दागी' म्हणून कापतात. दुकानदार म्हणतो, तोडणीआधी दोन दिवस कॅल्शियम आणि टिकाऊपणाचे टॉनिक मारा. प्रमाण किती ठेवावे?

प्रमाण शून्य. मारूच नका. फळ कॅल्शियम घेते ते लहान असताना. पिकायला आलेल्या फळावर दोन दिवस आधी मारलेले कॅल्शियम पानावर राहते आणि पैसे दुकानात राहतात. त्यातून दुकानदाराने सांगितले म्हणून डोस दुप्पट केला तर पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटचे खत एकाच टाकीत कालवलेले मी कितीतरी रानांत पाहिले आहे. दूध नासल्यासारखा साका तळाला बसतो, नोझल तुंबते आणि गडी मात्र फवारत राहतो. फळाचे बूड काळे पडत असेल तर आधी पाणी बघा. आठ दिवस कोरडे आणि मग एकदम भिजवणे, हे त्याचे मूळ आहे.

दुसरे म्हणजे बुरशीनाशकाची 'शेवटची फवारणी'. तोडा उद्यावर आणि आज फवारणी, हे विष खाऊ घालणे आहे. डब्यावर फवारणी ते तोडणीतले दिवस छापलेले असतात, तेवढे थांबायचे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणाला तर तेच बिलावर लिहून मागा. लिहीत नाही.

मग माल जातो कुठे? शिरोळकडे एका रानात दुपारी दीड वाजता उभा होतो. सकाळी तोडलेले कॅरेट बांधावर उन्हातच रचलेले. एकात तळापर्यंत हात घातला. वरची फळे टणक, खालच्या थराचा लगदा. कॅरेट काठाच्या वर भरलेले आणि त्यावर दुसरे ठेवलेले, म्हणजे वरच्याचे सगळे वजन फळांवर. यात रोग नाही, कीड नाही. ही आपलीच करणी. कॅरेट काठाच्या दोन बोटे खाली भरा, तोडा सकाळी दव उतरल्यावर लगेच घ्या, उन्हाआधी संपवा, माल थेट सावलीत. लांबच्या बाजारासाठी रंग धरू लागलेले फळ तोडा, लालभडक नको. तोडणीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका, फळ तडकते. शेवटी शेवटी युरिया तर नकोच, फळ मऊ पडते.

लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेच्या 2015 च्या अहवालात टोमॅटोचे काढणीपासूनचे नुकसान 12.44 टक्के धरले आहे. तुमचे साठातले सात-आठ त्याच हिशोबात बसतात.

प्रश्न : दर पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. माल रस्त्यावर ओतावा लागतो. गटाने काय करावे?

दर पडल्यावर काहीच करता येत नाही. जे करायचे ते तोड्याच्या आधी. माझा आग्रह एकच, आणि तो मी प्रत्येक गटात धरतो. गावात एक सामाईक शेड, सगळ्यांचा तोडा एकाच दिवशी, शेडमध्ये तीन प्रती, आणि प्रत्येक प्रतीचे गिऱ्हाईक आधी ठरलेले. एकट्याच्या दहा कॅरेटला कोणी दारात उभे करत नाही. पंधरा जणांच्या दीडशे कॅरेटसाठी माणूस शेडवर येतो.

पहिली प्रत मार्केट यार्डात किंवा गोव्याला. दुसरी, म्हणजे आकाराने लहान किंवा रंगाने कमी पण धड, ती वसतिगृहांच्या मेसला. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले तेव्हापासून कोल्हापूर हे बोर्डिंगांचे गाव आहे, आणि मेसच्या आमटीला फळाची चकाकी लागत नाही. राज्याने 2016 मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सोडवला, त्यामुळे यार्डाबाहेर थेट विकायला अडचण नाही. मेसच्या व्यवस्थापकाशी आठवड्याचा दर आणि वार ठरवा, कागदावर. तिसरी प्रत बचत गटाला, प्युरी आणि सॉससाठी. तिथेही बजावून सांगतो, परिरक्षक, म्हणजे सॉस टिकवणारे रसायन, काट्यावर मोजून घाला, चमच्याने अंदाजे नाही. 'थोडे जास्त घाला, जास्त टिकेल' हा सल्लाही दुकानातूनच येतो. प्रशिक्षण तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात मागा.

उरलेला कुजका माल कंपोस्टला. नुकताच फवारलेला असेल तर गुरांपुढे टाकू नका, टोमॅटोचा पालाही नको.

गोव्याच्या मालाला पावसाळ्यात एक जादा फोन लागतो. आंबोली घाट बंद आणि गाडी आजऱ्यात उभी, असे झाले की रात्रीत माल तापतो. गाडी भरण्याआधी घाटाची चौकशी करा आणि दुसरे गिऱ्हाईक हाताशी ठेवा. तेही गटाच्या वहीत नाव असेल तरच आठवते.

प्रश्न : शीतगृह नाही. विटांचा शीतकक्ष चालतो का?

फेब्रुवारी ते मे उत्तम चालतो. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, फटीत वाळू, सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओले गोणपाट, सगळे सावलीत. वीज लागत नाही. पावसाळ्यात बांधू नका, हवाच ओली असते, गारवा येत नाही. पालेभाजी आणि पिकते टोमॅटो एकत्र ठेवू नका, पिकत्या फळाच्या वायूने भाजी पिवळी पडते.

प्रश्न : केळी लवकर पिकवायला पुडी मिळते, वापरू का?

ती पुडी कार्बाइडची. कायद्याने बंदी आहे. इथेफॉन या पिकवण्याच्या रसायनात घड बुडवणेही चालत नाही. परवानगी आहे ती बंद खोलीत मोजून सोडलेल्या इथिलीन वायूला. गटाने मिळून एखाद्या रायपनिंग चेंबरवाल्याशी भाडे ठरवा.

प्रश्न : शेड आणि प्रक्रियेला कोणती योजना?

सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख रुपये, आणि बचत गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल. शेडसाठी कृषी पायाभूत सुविधा निधी, 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत. बाकीची कागदपत्रे कार्यालयात येऊन विचारा. अनुदानासाठी शेड बांधू नका. आधी एक हंगाम कुणाच्या तरी गोठ्याच्या पडवीत प्रतवारी करून बघा. जमले तर बांधा.

गट घेऊन भेटायला येणार असाल तर गेल्या तीन तोड्यांच्या पट्ट्या आणा, आणि दुकानाची बिलेही.