अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलेली माफी न्यायालय रद्द करू शकतं का?

जवळजवळ नाहीच. राज्यघटनेने हा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षांना दिलाय. स्पष्ट लिहिलेल्या मर्यादा दोनच: गुन्हा संघराज्याच्या कायद्याखालचा हवा, आणि महाभियोगाला माफी लागू नाही. खटला चालायचीही गरज नसते. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना आरोप दाखल होण्याआधीच माफ केलं.

बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या मुलाला माफी दिली. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, पदावर आल्याच दिवशी, कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवर, त्यांच्या समर्थकांनी केलेल्या हल्ल्याप्रकरणी सुमारे दीड हजार जणांना. पोलिसांना मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेलेही त्यात सुटले. मला ही दुसरी माफी कितीतरी घातक वाटते. मुलाला माफी देणार नाही, हा बायडन यांनी दिलेला शब्द फिरवणं चूकच, पण आपल्या बाजूने हिंसा करणाऱ्यांना सोडलं की पुढच्या दंगेखोरांना आधीच अभय मिळतं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ७२ खाली माफी देताना राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात. शिवाय २००६ च्या एपुरू सुधाकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली शिक्षेतली सूट रद्द केली. जात, धर्म, पक्षनिष्ठा पाहून अशी सूट देता येणार नाही, असं बजावलं. अमेरिकेत एवढी तपासणी आणायची तर बहुधा घटनादुरुस्तीच लागेल.