जुनी बॅट कापून अरुंद प्रॅक्टिस बॅट घरी करता येते का? रुंदी किती ठेवायची?

होते की. तुम्ही लिहिलंय की कडा उखडलेली एक जुनी इंग्लिश विलो लाकडाची बॅट घरात पडून आहे, पोरगा चौदा वर्षांचा, सारखा एज म्हणजे बॅटची कड लागून आऊट व्हायलाय, आणि कोच म्हणाले अरुंद बॅटनं प्रॅक्टिस करू दे. तर कापा बिनधास्त, पण किती कापायची आणि कुठून कापायची हे आधी वाचा, कारण मी एक वाया घालवून शिकलोय.

मी धंद्यानं पॅटर्न मेकर. कोल्हापुरात उद्यमनगरात फाउंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न (धातू ओतायच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने) करतो, सागवान आणि पाईन तासण्यात आयुष्य गेलं. कॉलेजपर्यंत क्रिकेट खेळलो (मंगळवार पेठेत जन्मून फुटबॉल सोडून क्रिकेट खेळलो ह्याबद्दल गल्लीनं अजून माफ केलेलं नाही). पुतण्यासाठी आणि त्याच्या दोस्तांसाठी मिळून अशा चार बॅटा केल्या.

पहिली केली ती ब्रॅडमनच्या नादानं. ते लहानपणी ऑस्ट्रेलियात बाउरल गावात घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा बॉल फेकायचे आणि उडून परत आला की स्टम्पनं मारायचे, हे सगळ्यांना माहीत असतं, पण माप बघा, गोल्फचा बॉल सव्वाचार सेंटिमीटरचा आणि स्टम्प जास्तीत जास्त ३.८१ चा, म्हणजे बॉलपेक्षा बॅट बारीक! (आता ब्रॅडमनचं नाव निघालंच आहे तर कोल्हापूरकर म्हणून गप्प बसवत नाही, आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, ब्रॅडमनच्या एका डावातल्या ४५२ च्या विक्रमाला फक्त ९ कमी, आणि समोरच्या टीमनं मॅचच सोडून दिली. असो.) तर मला वाटलं आपण पण कडक करू, आणि बॅट सरळ ५ सेंटिमीटरवर आणली. तिसऱ्या दिवशी थ्रो डाऊनलाच (जवळून हातानं हळू टाकलेल्या बॉललाच) बॅटच्या खांद्यापाशी, म्हणजे हँडल जिथं फळीला मिळतं तिथं, उभी चीर गेली. आईनं ती नेली, धुण्याला धोपटणं म्हणून अजून वापरते, तिथं मात्र अजून टिकून आहे.

चीर का गेली ते समजून घ्या, सगळं त्यातच आहे. हँडल म्हणजे वेताची दांडी, ती व्ही आकारात विलोमध्ये बसवून चिकटवलेली असते. वरच्या टोकाला ती व्ही साधारण हँडलएवढीच रुंद, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे बॅट ५ सेंटिमीटर केली की दोन्ही बाजूला विलोचे गाल राहतात जेमतेम सात-आठ मिलीमीटर, आणि बॉल आदळला की दांडी त्या गालांना आतून फाकवते. तेच ७ सेंटिमीटर ठेवली तर गाल सतरा-अठरा मिलीमीटर राहतात आणि धरून ठेवतात. म्हणून माझं ठरलेलं माप ७ सेंटिमीटर, आणि ते पण व्ही च्या टोकाच्या खाली. वर खांद्यापाशी मी साडेआठ-नऊ ठेवतो आणि तिथून हळूहळू वळण देत खाली आणतो. काटकोनात खाच मारू नका. कास्टिंगला (ओतलेल्या धातूच्या भागाला) आतल्या कोपऱ्यात फिलेट (गोलाई) दिली नाही की क्रॅक तिथूनच सुरू होतो, लाकडाला पण तोच नियम, फक्त लाकूड जरा उशिरा सांगतं.

७ चं अजून एक कारण म्हणजे सीझन बॉल (लेदरचा कडक बॉल) स्वतः ७.२ च्या आसपास असतो, म्हणजे बॉलएवढीच बॅट झाली, आणि चौदा वर्षांच्या पोराला तेवढं भरपूर होतं. नेहमीची पूर्ण बॅट नियमानं जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर असते, म्हणजे दोन्ही बाजूनी मिळून ३८ मिलीमीटर काढायचे, एका बाजूचे १९. नियमात कमाल रुंदीच दिली आहे, किमान नाही, त्यामुळं पोरानं हौसेनं मॅचमध्ये नेली तरी अंपायर काही बोलू शकत नाही, पण नेऊ देऊ नका.

कापायच्या आधी स्टिकर आणि कडेची फायबर टेप हेअर ड्रायरनं गरम करून काढा, ती फायबरची धूळ अंगाला लै खाजते आणि मास्क नसेल तर घशात जाते. मग बॅटवर लोहचुंबक फिरवा. हसू नका, आपल्याकडं जुन्या बॅटांच्या टोकाला आणि कडेला बारीक खिळे मारून ठेवलेले असतात, माझ्या दुसऱ्या बॅटेत दोन निघाले आणि बँडसॉचं (मशीनच्या पट्टा करवतीचं) पातं तुटलं. बॅटेपेक्षा पातं महाग पडलं. व्ही च्या चिकटवलेल्या रेषेत नखानं चाचपून बघा, तिथं फट दिसली तर ती बॅट कापूच नका, धोपटणंच होणार आहे तिचं.

मध्यरेषा काढताना बॅटच्या कडांवरून मापू नका, जुन्या बॅटच्या कडा झिजलेल्या आणि वाकड्या असतात. व्ही चं टोक दिसतं ना, समोरून पण आणि मागून पण, ते टोक आणि हँडलचा मध्य जोडा आणि ती रेष खाली टो पर्यंत (बॅटच्या खालच्या टोकापर्यंत) ओढा. दोन्हीकडं तिथूनच मापा. पाठीवरचा उंचवटा मध्यात राहिला पाहिजे, नाहीतर बॅट हातात फिरते आणि पोरगा म्हणतो माझा ग्रिप चुकतोय.

टिंबर मार्केटमध्ये कुठल्याही सुताराकडं बँडसॉवर पाच मिनिटांचं काम आहे पण त्याला एक गोष्ट सांगा, बॅट कुठल्याच बाजूनं सपाट नाही, मागं उंचवटा आणि पुढची बाजू पण थोडी फुगीर, त्यामुळं टेबलावर ती डुलते आणि डुलली की पातं अडकतं. मी एका प्लायच्या तुकड्यावर बॅट तोंड (बॉल मारायची पुढची बाजू) खाली करून ठेवतो, खाली दोन्ही बाजूला पाचर देऊन डबल टेप लावतो आणि प्लायसकट सरकवतो. रेषेच्या बाहेर दोन मिलीमीटर सोडून कापायचं, उरलेलं रंध्यानं. विलो म्हणजे सागवानापुढं लोणी आहे, रंधा जरा जास्त दाबला की गेलाच आत.

आणि इथं लोक थांबतात. बॅट कापली, झाली, चला खेळायला. पण कंपनीत बॅटचं तोंड दाबून कडक केलेलं असतं, आणि जुनी कड वर्षभर मार खाऊन घट्ट झालेली असते, ती तर तुम्ही आत्ता काढून टाकली! नवीन कड म्हणजे आतलं मऊ लाकूड, पहिल्या सीझन बॉललाच तिचा चुरा होतो. म्हणून कड आधी पॉलिश पेपरनं (८० नंबर, मग १५०, मग २२०) चांगली गोल करा, टोकदार ठेवू नका. मग कच्चं जवसाचं तेल, चमचाभर, फडक्यानं कापलेल्या बाजूंना आणि तोंडाला, व्ही पाशी नको, तिथं तेलानं चिकटलेलं सुटू शकतं. बॅट आडवी ठेवून एक दिवस, परत एक हात, असं तीनदा. त्यानंतर लाकडी मॅलेटनं (हातोड्यानं) कड ठोकायची, समोरून सरळ नाही तर तिरकं, हळू हळू सुरुवात करून, मी रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास असं आठवडाभर ठोकत होतो, वरच्या मजल्यावरचे अजून बोलत नाहीत माझ्याशी. शेवटी नवीन फायबर टेप.

हे काम आपल्या पावसात करू नका. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात लाकूड ओलच धरून बसतं, तेल मुरत नाही आणि टो फुगतो. दिवाळीनंतर करा.

वजनाचं सांगायचं तर माझी १ किलो १८० ग्रॅमची होती, ती ९०० च्या आसपास आली. पोराला हलकी वाटते आणि तो जोरात फिरवायला लागतो, तिथं थांबवायचं. ही बॅट सिक्सला नाही. सुरुवात मोज्यात बॉल घालून टांगलेल्या दोरीवर, पार्किंगमध्ये, मग टेनिस बॉल, मग पंधरा-वीस पावलांवरून हळू थ्रो डाऊन सीझन बॉलचे, पॅड हेल्मेट घालून. फास्ट बोलरसमोर नको. वीस मिनिटं झाली की लगेच त्याची नेहमीची बॅट हातात द्या आणि तसेच दहा-पंधरा बॉल टाका, तेव्हा त्याला ती बॅट दारासारखी रुंद वाटते आणि तो आपोआप सरळ खेळतो. माझ्या पुतण्याचा पहिला आठवडा लै वाईट गेला, सगळे बॉल कडेला लागायचे, बॅट फेकून दिली एकदा. दुसऱ्या आठवड्यात बॉल अंगाजवळ येऊ द्यायला लागला, हात लांब पसरून मारणं बंद झालं. तुमच्या पोराचं एजचं दुखणं बहुतेक तिथंच असणार, पण ते कोच बघतील.

हो, आणि कापलेल्या दोन पट्ट्या टाकू नका. इंग्लिश विलोचा तुकडा सहज मिळत नाही. कुणाच्या बॅटची कड उडाली की त्यातलाच तुकडा तासून, फेविकॉल लावून, रात्रभर क्लॅम्पमध्ये धरला की भरून निघते. माझ्याकडच्या सगळ्या गल्लीतल्या पोरांनी नेल्या.